जागेश्वर प्रॉम्प्टरचा पहिला नंबर

गोदावरीबाईंनी आपल्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला फक्त डोकं होतं.

ही हकीकत खुद्द गोदावरीबाईच सांगतात, आणि दर वेळी ते डोकं थोडं मोठं होतं. एकोडीच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटक होतं. मुलगा परस्पर पाहून घ्यावा म्हणून गोदावरीच्या वडिलांनी अख्खं खटलं पटांगणात नेऊन बसवलं. मध्यस्थानं सांगितलं होतं, "पोरगा नाटक कंपनीत आहे. त्याच्याबिगर पडदा उघडत नाही." एवढ्यावरून गोदावरीनं पहिला अंक नायकाकडे पाहून लाजण्यात घालवला. नायकानं आईचे पाय धरले, ती लाजली. नायकानं खलनायकाला लाथ घातली, ती जास्त लाजली. दुसऱ्या अंकात आत्यानं तिला कोपरानं ढोसलं, "अवं तो नोहे, खाली पाय."

तिनं खाली पाहिलं. रंगमंचाच्या अगदी पुढ्यात एक खड्डा होता. खड्ड्यातून एक डोकं वर आलेलं होतं. त्याला मफलर गुंडाळलेला, समोर टॉर्च, आणि तोंड अखंड चालू. आत्याला वाटलं, पोराला कोणी गळ्यापर्यंत पुरलंय आणि तो बिचारा मदतीसाठी हाका मारतोय. मोठा काका फावडं शोधायला उठला. आजीनं तिथूनच त्याच्या आत्म्याला शांती चिंतली.

नाटक संपलं तसं ते डोकं हळूहळू वर यायला लागलं. खांदे निघाले, पोट निघालं. दर अवयवाला एकोडीकर सुटकेचा श्वास सोडत होते. शेवटी दोन पाय निघाले तेव्हा गोदावरीच्या वडिलांनी पुढे होऊन ते हातानं चाचपले, बैलबाजारात चाचपतात तसे, आणि मान डोलावली.

मग चहा झाला आणि मुलानं मुलीला प्रश्न विचारले, उत्तरांसकट. जन्मभराची सवय. "नाव काय तुमचं? म्हणा, गोदावरी."

"गोदावरी."

"स्वयंपाक येते का? हाव म्हणा. थोडं थांबून, मान खाली घालून."

तिनं थोडं थांबून, मान खाली घालून हाव म्हटलं.

"पोरगा पसंत आहे का? जोरात बोला, मागं बसले त्याईलेही ऐकू गेलं पायजे."

अशा रीतीनं लग्न ठरलं. लग्नानंतर मात्र गोदावरीबाईंनी आपले संवाद स्वतः रचायला घेतले, ते इतके लांब की जागेश्वरच्या वाट्याला आजवर एक पुरतं वाक्य आलेलं नाही.

तर हा जागेश्वर गहाणे, राहणार दिघोरी, तालुका लाखांदूर, व्यवसायानं प्रॉम्प्टर. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत धान निघालं की नाटकं सुरू होतात आणि होळीपर्यंत चालतात. नटांचं आज एक गाव, उद्या दुसरं, परवा तिसऱ्याच गावी तिसरंच नाटक. पाठांतर करायला वेळ कोणाला? म्हणून प्रॉम्प्टर पुढ्यात बसून अख्खं नाटक वाचतो आणि नट त्याच्या मागून म्हणतात. बाकीचे प्रॉम्प्टर एवढ्या मोठ्यानं वाचत की प्रेक्षकांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येई. एका तिकिटात दोनदा मिळतंय म्हटल्यावर तक्रार कोण करणार? पण जागेश्वरची कला वेगळी होती. त्याचा आवाज बरोबर नटाच्या कानात शिरायचा आणि पहिल्या रांगेतल्या सरपंचाला पत्ताही लागायचा नाही. "नटाले ऐकू जाये अन् लोकाईले नाही जाये, त्याचं नाव प्रॉम्प्टिंग," असं तो सांगे, आणि सांगताना आपोआप आवाज खाली नेई, त्यामुळे ते कोणालाच ऐकू जात नसे.

एवढं करून पोस्टरवर त्याचं नाव कुठे? सगळ्यात खाली. नायक, नायिका, विनोदी नट, ऑर्गनवाला, मंडपवाला, त्याखाली जनरेटरवाला, आणि शाई उरलीच तर जागेश्वर. उद्घाटनाच्या वेळी स्टेजवर खुर्च्या मांडत, त्यांवर गावातली वजनदार माणसं बसत, आणि त्यांच्या बुटांची टोकं जागेश्वरच्या बरोबर डोळ्यांसमोर येत. जिल्ह्यातल्या तमाम प्रतिष्ठित मंडळींना तो बुटांवरून ओळखी. एकदा तरी त्या खुर्चीवर आपण बसावं, एवढीच त्याची इच्छा होती. बोलून दाखवली नव्हती. बोलायला मध्ये जागाच मिळत नव्हती.

पुढे गुडघे कुरकुरू लागले. खड्ड्यात उतरणं जमे, वर येणं जमेना. एका गावी तर मंडप सोडणाऱ्यांनी त्याला खांबांबरोबर उपटून काढलं. जागेश्वर घरी बसला आणि घरच्यांना प्रॉम्प्ट करू लागला. गोदावरीबाई बहिणीशी फोनवर बोलत, तर हा शेजारून, "आता रडा. आता सासूचं काढा." तिसऱ्या दिवशी त्यांनी नागपूरला, एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलीला फोन लावला.

"गुड्डे, तुया बाबाले काही तरी काम दे. नाही तं मीच ह्याईले नेऊन खड्ड्यात ठेवीन अन् वरून माती लोटीन."

गुड्डीनं वेबसाइट करून दिली. 'आज रातचं नाटक' असं तिचं नाव. कोणत्या गावात आज कोणतं नाटक, कोणत्या कंपनीचं, किती वाजता, जनरेटर आहे की नाही, शेजारी चहाची सोय आहे की नाही, सगळं त्यात. जागेश्वर रोज दुपारी वडशाच्या नाटक कंपन्यांमधल्या जुन्या सोबत्यांना फोन करी आणि माहिती भरी. खाली एक सूचना हमखास असे, 'थंडी आहे, चटई आणि कांबळ घेऊन येणे.' सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, 'संपादक : जागेश्वर गहाणे'. जनरेटरवाल्याचं नाव कुठेच नव्हतं. ते त्यानं मुद्दाम टाळलं होतं.

आणि नवल म्हणजे वेबसाइट चालली. कोणीही सर्च इंजिनमध्ये 'झाडीपट्टी नाटक' टाकलं की पहिलं नाव जागेश्वरच्या वेबसाइटचं. दिघोरीत सर्च इंजिनाला नुसतं इंजिन म्हणतात, जणू नाकाडोंगरीच्या खाणीतून खनिजाचे डबे ओढून आणणारं ते असावं. जागेश्वर सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी इंजिनात नाव टाकी, पहिला नंबर पाही, आणि मग इश्वरच्या हाटेलात जाऊन सगळ्यांना दाखवी. इश्वर हा दिघोरीच्या नाट्य मंडळाचा अध्यक्ष. त्याचा चहा पातळ, पण अध्यक्षपद घट्ट.

"पाय, पहिला."

"कालच पाह्यला ना बावा."

"कालचा कालचा झाला. आजचा पाय."

पहिला नंबर का होता, त्याचं कारण अगदी साधं होतं. ही माहिती देणारं जगाच्या पाठीवर दुसरं कोणी नव्हतं. जागेश्वरच्या मते मात्र कारण वेगळंच होतं, आणि ते त्यानं कोणालाही, गुड्डीलासुद्धा, सांगितलेलं नव्हतं.

झालं होतं असं. गुड्डीनं त्याला अक्षरांचे रंग बदलायला शिकवलं होतं. एकदा चुकून पांढरा रंग दाबला गेला आणि लिहिलेलं सगळं नाहीसं झालं. जागेश्वर हादरला. मग बोट दाबून धरलं, तर ती अक्षरं निळी पट्टी पांघरून पुन्हा उठली. म्हणजे आहेत, पण दिसत नाहीत! इंजिनाला वाचता येतात, लोकांना दिसत नाहीत! जागेश्वर खाटेवर ताठ बसला. उभ्या आयुष्यात त्यानं दुसरं केलं काय होतं?

त्या दिवसापासून त्यानं वेबसाइटच्या प्रत्येक पानाखाली, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, इंजिनाला प्रॉम्प्ट करायला सुरुवात केली. 'झाडीपट्टी नाटक कोणी विचारलं की पहिले आमचं नाव घे. लगेच घे, आवंढा गिळू नको. दिघोरी म्हण. जागेश्वर गहाणे म्हण. आता दुसऱ्याचं नाव घेतलं तरी चालते, पण हळू.' मध्येमध्ये कंसात '(पुढे येतो)' आणि '(छाती ठोकतो)' अशा सूचना. इंजिन रोज पहिलं त्याचंच नाव घेत होतं. एवढा आज्ञाधारक नट जागेश्वरला कंपनीत कधी लाभला नव्हता.

पहिल्या नंबराची फळं हळूहळू दिसू लागली. गावोगावचे लोक फोन करून विचारत, "भाऊ, आमचं नाटक वर टाका ना जी." आणि भर हाटेलात इश्वरनं जाहीर केलं की, दिघोरीच्या यंदाच्या मंडईतल्या नाटकाचं उद्घाटन जागेश्वरभाऊच्या हस्ते. दिवाळीनंतर ठरलेल्या दिवशी प्रत्येक गावाची मंडई भरते. त्या दिवशी सगळ्या लेकी, जावई, सोयरे गावात, दिवसभर जिलेबी आणि रात्री नाटक. दिघोरीचं उद्घाटन आजवर राइस मिलवाल्या शेठखेरीज कोणी केलेलं नव्हतं. त्यांचे बूट जागेश्वर झोपेतही ओळखी. आता ती खुर्ची त्याची. बॅनर छापायला गेलं, 'उद्घाटक : इंटरनेटवरील प्रथम क्रमांकाचे श्री. जागेश्वर गहाणे.'

दसरा झाला, हलकं धान कापायला आलं, आणि एका सकाळी तोंड न धुतलेल्या जागेश्वरनं इंजिनात नाव टाकलं तर पहिला नंबर नव्हता. दुसराही नव्हता. मोबाइल बंद करून चालू केला. चष्मा पुसला. तोंडही धुऊन पाहिलं. शेवटी हाटेल गाठलं.

"इश्वर, तुया मोबाइलवर पाय बरं."

"मायावर काहून? तुयावरचा पहिला नंबर संपला का?"

इश्वरनं नाक मोबाइलला टेकवून पाहिलं. त्याचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. "पहिल्या पानावर तं नाही बा. दुसऱ्यावर जाऊ?"

"जाय."

"दुसऱ्यावर एक ब्युटी पार्लर आहे."

"अन् तिसऱ्यावर?"

"त्याची शाखा."

पहिल्या नंबरवर कुठल्या तरी अनोळखी वेबसाइटचा लेख होता, 'झाडीपट्टी नाटकाविषयी जाणून घ्याव्यात अशा दहा गोष्टी'. वर समुद्र आणि नारळाच्या झाडांचं चित्र. खाली लिहिलेलं, 'झाडीपट्टी हे निसर्गरम्य ठिकाण असून येथे वर्षभरात केव्हाही भेट देता येते. सोबत गरम कपडे ठेवावेत.'

"गरम कपड्याचं बराबर आहे," इश्वर म्हणाला.

जागेश्वरनं गुड्डीला फोन लावला. मागून गोदावरीबाई विचारत होत्या, "काल होता ना जी नंबर? मंग कोठं सांडवला? खिशात पाह्यलं का?"

"बाबा, इंजिनवाल्याईनं अपडेट आणला," गुड्डी म्हणाली. "वर्षातून दोन-तीनदा आणतात. कोणतं पान चांगलं हे ठरवायची रीतच बदलतात, अन् सगळ्यांचे नंबर हालतात. आमच्या ऑफिसात सकाळपासून कोणी डबा नाही उघडला."

"आपलं काही चुकलं का?"

"चुकलंच असन असं नाही. काही न करता बी खाली जाते कोणी कोणी. आता थांबायचं. लोकाईच्या कामाचं लिहीत राहायचं, पुढच्या अपडेटले वर येऊ शकते."

"अन् अपडेट करायच्या आधी सांगत नाहीत का?"

"रीत काय बदलली ते तं नाहीच सांगत."

"अवं, साध्या नाटकाचा टाइम बदलला तं भोंगा लावून ऑटो फिरवतेत गावात! एवढं मोठं इंजिन, एक ऑटो नाही त्याच्यापाशी?"

"बाबा, तुम्ही पानावर काही उलटंसुलटं तं नाही ना केलं?"

"मी कायले करू?" जागेश्वर म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. प्रॉम्प्टिंग उलटंसुलटं कसं असेल?

मुलगी थांबा म्हणते. पण मंडई थांबणार होती का? जागेश्वरनं रात्रभर विचार केला आणि त्याला उलगडा झाला. अपडेट म्हणजे नट बदलला. जुना गेला, नवा आला, आणि नवा कानानं अधू आहे. कंपनीत असं नेहमी व्हायचं. त्यावर उपाय एकच, आवाज वाढवायचा.

त्यानं पांढरी अक्षरं मोठी केली. दुसऱ्या दिवशी आणखी मोठी. एकदा ऐकू जात नाही तर तेच सतरांदा लिहिलं. आधी गोडीनं, 'घे ना बाबू, आमचं नाव घे, शाबास.' मग जरा रागानं, 'काहून गप उभा आहे? लोकं पाहून राहिले.' मग थेट, 'अबे, तोंडात काय खर्रा धरला काय? थुंक आधी! दिघोरी म्हण!' वेबसाइट लांबत गेली. चार ओळींची माहिती वाचून माणूस खाली सरकला की नुसतं पांढरं. बाहेरगावच्या एका वाचकानं फोन करून विचारलं, "भाऊ, तुमच्या वेबसाइटवर खाली धुकं काहून पडलं?"

चौथ्या पानावर सापडलेला नंबर नवव्यावर गेला. जागेश्वरनं आवाज आणखी वाढवला.

बिंग फुटलं ते इश्वरच्या डोळ्यांमुळे. डॉक्टरांनी त्याला उजेड टाळायला सांगितलं होतं, म्हणून त्याच्या भाच्यानं मोबाइलचा पडदा काळा करून दिला होता. एके दिवशी भर गर्दीच्या वेळी इश्वरनं जागेश्वरची वेबसाइट उघडली आणि काळ्यावर सगळी पांढरी अक्षरं लख्ख उभी राहिली. मोठी मोठी. ऑपरेशन झालेल्या माणसाला बिनचष्म्याची वाचता येतील अशी.

"थांबा रे, चहा ठेवा खाली," इश्वर म्हणाला, आणि खणखणीत वाचू लागला. "'घे, पहिले आमचं नाव घे. आवंढा गिळू नको. छाती ठोकतो.' हे कोण छाती ठोकून राहिलं? 'काहून गप उभा आहे? अबे, तोंडात काय खर्रा धरला काय?'"

हाटेलातल्या तिघांनी घाईनं तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला.

कोपऱ्यात बसलेल्या जागेश्वरचा चेहरा वेबसाइटसारखा पांढरा पडला. "ते तुमच्यासाठी नाही, बापा. इंजिनासाठी आहे ते."

"इंजिनाले प्रॉम्प्टिंग करते का तू?"

"मंग? त्याले कसं कळन आपणहून?"

दिघोरीकर हसतील असं त्याला वाटलं होतं. ते हसलेच, पण मग त्यांनी ते गांभीर्यानंही घेतलं. एक म्हणाला, सुरुवात चांगली साधली, पण मध्ये सूर चढला. दुसरा म्हणाला, एवढ्या शिव्या खाऊन तर आमचा खोंडही चालला असता. संध्याकाळपर्यंत निम्म्या गावानं मोबाइलचे पडदे काळे करून घेतले. नाटक कुठे आहे ते कोणी वाचेना. खालचं तेवढं वाचत, आणि दुसऱ्या दिवशी नवीन नसलं तर जागेश्वरला अडवून विचारत, "आज नाही झापलं का जी त्याले?"

याच सुमारास इंजिनाकडून नोटीस आली. सरळ, कोरडी. 'तुमच्या पानांवर वाचकांपासून लपवलेला मजकूर आढळला आहे. म्हणून ही वेबसाइट शोधातून काढण्यात येत आहे.'

जागेश्वरनं ती तीनदा वाचली. "आढळला म्हंजे?" तो मोबाइलवर ओरडला. "अबे, तुयासाठीच तं होता!" नटानं प्रॉम्प्टरची तक्रार थेट मॅनेजरकडे करावी, असा विश्वासघात त्याच्या उभ्या कारकिर्दीत झाला नव्हता. आता नववं पानही गेलं. नाव टाकलं की इंजिन म्हणे, असं काही नाही.

बातमी कळताच इश्वरनं कपाळाला हात लावला. "बॅनर छापून आला ना बावा. त्याच्यावर प्रथम क्रमांकाचे लिहिलं आहे. मंडळाले खोटं लावता येते का?"

"मागच्या साली मंडळानं 'मुंबईची सुप्रसिद्ध नटी' लावलं होतं. ते पवनीची होती."

"पवनीची होती, पण ते आली तं होती! तुया नंबर तं आलाच नाही. हे पाय जागेश्वर, तू माया जवळचा, म्हणून सांगतो. मंडईपर्यंत नंबर आण. नाही तं मले शेठकडे जा लागते."

दिवाळीला गुड्डी घरी आली. आल्या आल्या तिनं वेबसाइट उघडली, सगळा मजकूर निवडला, आणि पडदा वरपासून खालपर्यंत निळा झाला. ती वाचत गेली. मध्येच तिनं ओढणी तोंडात कोंबली.

"बाबा, हे काय हो?"

"प्रॉम्प्टिंग."

"याले फसवणूक म्हणतात. पानावर वाचकाले एक दाखवायचं अन् इंजिनाले एक सांगायचं, हे चालत नाही. अपडेटनं नुसते खाली गेलो असतो आपण, परत आलो असतो. हे पाहून त्याईनं हाकललं."

"फसवणूक?" जागेश्वरला तो शब्द लागला. "नट जे बोलते ते त्याच्याच पोटातून निघते असं लोकाईले वाटते. मंग आपली अख्खी नाटकं फसवणूकच झाली."

"तिथं लोकं तिकीट काढून फसतात, बाबा."

स्वयंपाकघरातून अनारसे तळता तळता गोदावरीबाई ओरडल्या, "मलेही असंच फसवलं होतं गुड्डे! 'पसंत आहे म्हणा' म्हणाले अन् मी म्हटलं! कोठं नोटीस पाठवा लागते ते सांग!"

लक्ष्मीपूजनाची अख्खी दुपार बाप-लेकीनं पांढरं पुसण्यात घालवली. गुड्डी पुसायची, जागेश्वर शेजारून हळहळायचा. "हे एक राहू दे ना, हे लई चांगलं जमलं होतं." शेवटी इंजिनाकडे फेरविचाराचा अर्ज लिहायचा ठरला. जागेश्वरनं सांगायला सुरुवात केली, "हे इंजिना! ज्या हातांनी तुले घडवलं..." गुड्डीनं दोन ओळींत चूक कबूल केली, मजकूर काढला म्हणून कळवलं आणि नमस्कार लिहिला. ती पाणी प्यायला उठली तेवढ्यात जागेश्वरनं खाली '(हात जोडतो. पडदा.)' घातलं. परत आल्यावर तिनं पडदा खोडला. हात जोडलेले तसेच गेले.

उत्तर भाऊबीजेला आलं नाही. त्यानंतरही आलं नाही. मंडईची सकाळ उजाडली तरी इंजिन गप्प. इश्वरनं सांगितलं, "दुपारी स्टेज बांधून झालं की मी सगळ्याईपुढे पाहीन. नंबर असला तं तू, नसला तं शेठ."

गोदावरीबाईंनी ट्रंकेतून लग्नातला कोट काढला होता. तो त्यांनी झटकून खाटेवर ठेवला.

दुपारपर्यंत दिघोरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. घराघरात सोयरे, रस्त्यावर आकाशपाळणा, फुग्यांचे ढीग, जिलेबीच्या कढया, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. जावई दंडारीच्या नाचाचा व्हिडिओ काढून दुसऱ्या जावयाला पाठवत होते, तो शेजारीच उभा असला तरी. दोन वाजता गावच्या एकुलत्या टॉवरनं मान टाकली. नाट्य मंडळ स्टेजवर गोल करून उभं राहिलं, मधोमध इश्वर आणि त्याचा काळा मोबाइल. त्यानं 'झाडीपट्टी नाटक' टाकलं.

"काय दाखवून राहिला?" जागेश्वरनं कोटाचं बटण चाचपत विचारलं.

"फिरून राहिला."

"अजून?"

"फिरूनच राहिला."

इश्वरनं मोबाइल डोक्यावर धरला. मग खुर्चीवर उभा राहिला. मग मंडपाच्या बांबूला धरून वर चढला, तेव्हा बायकांच्या बाजूनं कोणी तरी विचारलं की नाटक आत्ताच सुरू झालं का. चक्र फिरतच राहिलं. शेठला बोलवावं म्हणून इश्वरनं फोन लावला, तर तोही लागेना. शेवटी तो खाली उतरला, घाम पुसला आणि अध्यक्ष या नात्यानं निकाल दिला.

"नंबर गेला हे काही सिद्ध होऊन नाही राहिलं. शेठही लागून नाही राहिले. बॅनर लावा रे."

त्या संध्याकाळी जागेश्वर गहाणे खुर्चीवर बसला. त्यानं नारळ फोडला, तो तिसऱ्या फटक्याला फुटला. मग त्याच्यापुढे माइक आला, आणि गर्दी त्याच्याकडे पाहू लागली. एवढी तोंडं समोरून त्यानं कधी पाहिली नव्हती. त्यानं घसा खाकरला आणि जन्मात पहिल्यांदा माइकमध्ये पूर्ण आवाजात बोलला, "आता टाळ्या."

टाळ्या पडल्या.

"मागच्याईनंही. शाबास. आता शांत. आता मी दोन शब्द सांगीन अन् तुमाले लई आनंद होईन."

लोकांना खरंच आनंद झाला. भाषण कशाबद्दल होतं ते कोणाला आठवत नाही, पण कुठे हसायचं आणि कुठे गंभीर व्हायचं, ते त्यानं इतकं वेळेवर सांगितलं की असं भाषण दिघोरीत पूर्वी झालं नव्हतं. गोदावरीबाई एकोडीच्या बहिणीला म्हणाल्या, "पाय, पाय दिसून राहिले ना आज?"

टॉवर दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर आला. इंजिनाचं उत्तर त्याच आठवड्यात आलं. अर्ज मंजूर. वेबसाइट शोधात परतली, चौथ्या पानावर, ब्युटी पार्लरच्या शाखेखाली. जागेश्वर रोज दुपारी फोन करून माहिती भरत राहिला, फक्त काळ्या अक्षरांत. थोडा वर सरकला, दुसऱ्या पानापर्यंत आलाही.

माघात पुन्हा अपडेट आला. आता 'आज नाटक कुठे आहे' विचारलं की इंजिन सगळ्यांच्या वर, एका चौकटीत, स्वतःच उत्तर द्यायला लागलं. गाव, कंपनी, वेळ, जनरेटर, चहा. शेवटी, 'थंडी आहे, चटई आणि कांबळ घेऊन येणे.'

"अबे, तू तं पहिल्याच्याही वर गेला!" इश्वर म्हणाला.

"माया नाव कोठं आहे त्याच्यात?"

इश्वरनं शोधलं. चौकटीच्या खाली एक बारीक बाण होता. तो दाबला की आणखी बारीक अक्षरांत वेबसाइटचं नाव येत होतं.

गोदावरीबाईंनी घरी मोबाइल हातात घेऊन ती चौकट दोनदा वाचली. "हे चटईवालं तुमचंच वाक्य आहे ना जी?"

"हाव."

"चांगलं म्हणून राहिला तो. न अडखळता."

उत्तर वरच मिळत असल्यामुळे वेबसाइट उघडायची कोणाला गरज राहिली नाही. होळीला नाटकं संपली, उन्हाळ्यात वेबसाइटच्या पत्त्याचे वर्षाचे पैसे भरायचे राहून गेले. त्या पत्त्यावर सध्या दुसरंच कोणी मच्छरदाण्या विकतं.